पहिल्यांदा मोठ्या मॉलमध्ये चाललात? नागपुरात नवीन आलेल्यांसाठी सगळं सुरुवातीपासून

माझ्या मावसबहिणीचं पोरगं यंदा काटोलहून इथं शिकायला आलं, हॉस्टेलवर राहते, आणि दिवाळीच्या आधी मला फोन करून विचारते, मावशी, मॉलमध्ये आत जायला काही घ्यावं लागते का, म्हणजे तिकीट वगैरे. मी हसली नाही. मी उमरेडहून आली तेव्हा हाच प्रश्न मनात घेऊन दारापासून दोनदा परत फिरली होती, आणि पुढं एका मॉलमधल्या कपड्याच्या शोरूममध्ये चार वर्षं फ्लोअरवर उभी राहून नोकरी केली, त्यामुळं काउंटरच्या दोन्ही बाजूनं काय चालते ते मला माहीत आहे. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा नीट लिहून राहिली. तिकीट लागत नाही. काही विकत घ्यावंच लागते असंही नाही. दोन तास फिरून रिकाम्या हातानं बाहेर आलात तरी कोणी विचारत नाही.

पायरी 1: घरून निघायच्या आधी

कोणत्या मॉलला जायचं ते काय काम आहे त्यावर ठरवा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, व्हरायटी चौकात इटर्निटी मॉल आहे, सीताबर्डी इंटरचेंजला ऑरेंज आणि अ‍ॅक्वा दोन्ही लाईनच्या मेट्रो येतात, तिथून पायी होते. गांधीसागर तलावाकडं एम्प्रेस मॉल आहे, तो जुन्या एम्प्रेस मिलच्या जागेवर उभा आहे, जमशेदजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली मिल ती, नागपुरातल्या कित्येक घरांतले आजोबा तिथं कामाला जायचे. आज त्यांची नातवंडं तिथंच शर्ट घ्यायला जातात, मला तिथून जाताना दरवेळी हे आठवते. आणि मेडिकल चौकाकडं व्हीआर आहे, जरा पॉश, मोठे ब्रँड पाहायचे असतील तर तिकडं जा.

वेळ मात्र सांभाळा. रविवारी संध्याकाळी जाऊच नका, ट्रायल रूमला लाईन, बिलिंगला लाईन, स्टाफ थकलेला, तुम्हाला कोणी नीट दाखवणार नाही आणि त्यात त्यांचीही चूक नसते. मे महिन्यात तर 45 डिग्रीत अर्धं गाव एसीसाठी तिथं येऊन बसलेलं असते. सोमवार ते गुरुवार दुपारी बारा ते चार ही खरी वेळ. दुकान रिकामं असते, मुलं-मुली मोकळे असतात, तुम्ही सहा शर्ट काढायला लावले तरी कोणाच्या कपाळावर आठी येत नाही.

सोबत काय न्यायचं: एक कापडी पिशवी, बूट घ्यायचे असतील तर मोजे, ब्लाऊज किंवा पँट मॅच करायची असेल तर ज्याच्याशी मॅच करायचं ते कपडे खरंच सोबत न्या कारण आतल्या लाईटमध्ये रंग वेगळाच दिसते. आणि डोक्यात एक आकडा पक्का. दोन हजार तर दोन हजार. आत गेल्यावर आकडा ठरवायला गेलं की ते जमत नाही, हे मी दोन्ही बाजूनं पाहिलं आहे.

सेलमध्ये जायचं असेल तर साधारण जूनच्या शेवटापासून जुलै आणि डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारी, या दोन वेळा सीझनचा माल काढतात. पहिल्या आठवड्यात साईज मिळते पण सूट कमी, शेवटी शेवटी सूट जास्त पण उरलेलं सगळं एकदम लहान नाहीतर एकदम मोठं. मिडीयम साईजवाल्यांनी वाट पाहू नये.

पायरी 2: दार, पार्किंग आणि सरकता जिना

दारावर बॅग पाहतात, मशीनमधून जावं लागते, सगळ्यांनाच जावं लागते, तुमचे कपडे पाहून नाही. गाडी नेली तर पार्किंगच्या खांबावर जो नंबर किंवा रंग असते त्याचा फोटो काढून ठेवा. पार्किंगची चिठ्ठी पाकिटात ठेवा, हातात नाही, हरवली तर दंड लावतात आणि गाडीचे कागद दाखवत बसावं लागते.

सरकत्या जिन्याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून मीच सांगते. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा जिन्यासमोर पाच मिनिटं उभी होती आणि मागं लोक जमा झाले, तिला इतकं ओशाळल्यासारखं झालं की परत येणार नाही म्हणाली. आधी बाजूचा काळा पट्टा पकडायचा, मग पिवळ्या रेघेच्या आत पाय टाकायचा, खाली सारखं पाहायचं नाही, आणि उतरताना शेवटच्या पायरीवर न थांबता सरळ पुढं चालत राहायचं. साडीचा पदर आणि निऱ्या वर घ्या, लहान पोरांच्या मऊ रबरी चपला कडेला अडकतात म्हणून त्यांना मधोमध उभं करा, हात धरून. भीती वाटत असेल तर लिफ्ट आहे, सगळीकडं आहे, गार्डदादाला विचारा ते दाखवतात. व्हीलचेअर पाहिजे असेल तर खाली हेल्पडेस्कला मागा. एवढं लक्षात ठेवा की हेल्पडेस्क हा मॉलचा, दुकानाचा नाही: पोरगं हरवलं, पाकीट पडलं, लिफ्ट बंद, बाथरूम घाण, हे तिथं सांगायचं. शर्टाची शिलाई उसवली हे तिथं सांगून उपयोग नाही, त्यासाठी दुकानातच जावं लागते.

पायरी 3: दुकानात शिरल्यावर

सगळ्यात जास्त लोक इथं घाबरतात. आत पाय टाकला की कोणीतरी मागं येते, हाय मॅम, व्हॉट आर यू लुकिंग फॉर. आणि आपल्याला वाटते की हे आपल्यावर नजर ठेवून राहिले. कधी कधी नजर असतेही, माल चोरी जाते आणि स्टॉक कमी निघाला की बोलणी फ्लोअरवाल्यांनाच बसतात. पण नव्वद टक्के वेळा त्याचं कारण टार्गेट असते. दारातून किती लोक आत आले आणि त्यातल्या किती जणांचं बिल फाटलं हा आकडा मॅनेजर रोज संध्याकाळी विचारतो, त्यामुळं तो पोरगा तुमच्या मागं येते. त्याला सरळ म्हणा, "दादा, आधी मी पाहते, लागलं की आवाज देते." बस. तो मागं सरकतो. राग मानत नाही.

आणि मराठीत बोला. खरंच बोला. आपण नागपूरकरांना दुकानात शिरलं की आपोआप हिंदी लागते, मॉलमध्ये तर मोडकं इंग्रजी काढतात लोक, आणि समोर जी मुलगी उभी असते ती नंदनवनची नाहीतर मानेवाड्याची नाहीतर वाडीची, घरी वऱ्हाडी बोलणारी. मी स्वतः चार वर्षं "येस सर" करत होती आणि एखादी काकू आली आणि म्हणाली, "काहून वं बाई, याच्यात निळा नाही का?" की मला इतकं बरं वाटायचं, मी आत जाऊन गोडाऊनमधून निळा शोधून आणायची. दुकानाच्या पाट्या मराठीत पाहिजे हा नियम राज्यात आहेच, आत मराठीत विचारलं तर त्यात कमीपणा कसला.

स्टाफशी कसं वागायचं यावर दोन शब्द, हे माझ्या जिव्हाळ्याचं आहे. ती मुलं सणासुदीला दहा-दहा तास उभी असतात, बऱ्याच दुकानात फ्लोअरवर बसायला स्टूल नसते, कस्टमर नसला तरी उभंच राहायचं. चुटकी वाजवून बोलावू नका, "ए" करू नका. दादा, ताई म्हणा, कपडे पाहिले की निदान हँगरवर लटकवून द्या. जो नीट बोलते त्याला आम्ही आतली गोष्ट सांगायचो, की काका हे आज नका घेऊ, शुक्रवारपासून याच्यावर ऑफर लागून राहिली.

उलट बाजूनं एखाद्यानं तुम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, किंवा "ये थोडा कॉस्टली है" असं न विचारता सांगितलं, तर गप राहून बाहेर पडू नका. मला स्वतःला एका घड्याळाच्या दुकानात असं झालं, ड्युटीवरून साध्या चपलेत गेली होती, आणि त्यानं शोकेसचं कुलूपच काढलं नाही. मी मॅनेजरला बोलावलं आणि शांतपणे म्हणाली, मला हे घड्याळ हातात घेऊन पाहायचं आहे. दाखवावं लागलं. मी घेतलं नाही ते, दुसरीकडून घेतलं. तिथं कोणी आपल्यावर उपकार करून नाही राहिलं हे एकदा डोक्यात बसलं की आवाज आपोआप सरळ निघते.

पायरी 4: ट्रायल रूम

किती पीस आत नेले ते मोजतात, काही ठिकाणी नंबरचं टोकन देतात. एकाच कपड्याच्या दोन साईज न्या, कारण एका ब्रँडचा एम दुसऱ्याचा एल असते. घालून नुसतं आरशात पाहू नका. खाली बसा, हात वर करा, गाडीचं हँडल धरल्यासारखे हात पुढं घ्या, पाठीत ओढते का पाहा. शिलाई आतून पाहा, बटणं मोजा, चेन दोनदा वर-खाली करा. डाग दिसला तर तिथंच सांगा, बिलानंतर सांगितलं तर तो तुमचा डाग होते. दाराला फट, कडी ढिली, किंवा काहीही संशय आला तर दुसरी रूम मागा, कारण सांगायची गरज नाही. आतले कपडे म्हणजे अंडरगारमेंट ट्राय करता येत नाही आणि बहुतेक ठिकाणी बदलूनही देत नाही, तेव्हा माप आधी माहीत पाहिजे.

पायरी 5: टॅग आणि ऑफरचा हिशोब

एमआरपीमध्ये सगळे टॅक्स धरलेले असतात. वरून काही नाही. टॅगवर एका स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं दिसलं आणि खालचा आकडा कमी असला तर विचाराच.

"फ्लॅट 50" म्हणजे सगळ्यावर अर्धं. "अपटू 50" म्हणजे एखाद्या कोपऱ्यातल्या रॅकवर अर्धं आणि बाकी सगळीकडं वीस नाहीतर तीस, आणि तो "अपटू" इतक्या बारीक अक्षरात असते की चष्मा काढून पाहावं लागते. दोनवर एक फ्री असेल तर कागदावर लिहा. समजा 1499, 1299 आणि 999 चे तीन शर्ट घेतले. फ्री होते तो सगळ्यात स्वस्त, म्हणजे 999 चा. एकूण 3797 चा माल 2798 मध्ये पडला, सूट झाली सव्वीस टक्क्यांच्या आसपास. वाईट नाही, पण तुम्हाला एकच शर्ट पाहिजे होता तर तुम्ही 1499 च्या जागी 2798 देऊन आलात. आणि अशा ऑफरमधला एक शर्ट परत करायला गेलं तर पूर्ण किंमत मिळत नाही, तीन शर्टांवर सूट वाटून हिशोब करतात, म्हणून घेतानाच विचारून ठेवा.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा कळली. सूट दिल्यावर "टॅक्स एक्स्ट्रा" म्हणून वरून लावणं. एमआरपीत टॅक्स आधीच असते, मग सूट दिलेल्या किमतीवर तो परत कसा काय लागेल? राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2017 मध्येच ही अनुचित व्यापार प्रथा म्हटली आहे, तेव्हा व्हॅट होता, आज जीएसटी. काउंटरला असं झालं तर हेच सांगा. बाकी 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्याच्या पीसवर आणि बुटाच्या जोडीवर जीएसटी 5 टक्के आहे, त्याच्या वर 18, बिलावर तो वेगळा दाखवलेला असते तेव्हा घाबरू नका, बेरीज एमआरपीवजा सूट इतकीच येते का ते पाहा.

पायरी 6: बिल काउंटर

पहिला प्रश्न येते, मोबाईल नंबर. द्यायची सक्ती नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे 2023 मध्ये दुकानदारांना सांगितलं आहे की नंबर दिला नाही म्हणून बिल अडवायचं नाही. "नंबर नाही द्यायचा, कागदाचं बिल द्या" असं म्हणा. सिस्टीम घेत नाही म्हणाले तर मॅनेजरला बोलवा, सिस्टीम घेते, मी स्वतः बनवली आहेत तशी बिलं. पॉइंट पाहिजे असतील तर खुशाल द्या, नंतर मेसेज येत राहतील एवढंच.

दुसरा प्रश्न, कॅरीबॅग. कागदाच्या बॅगवर त्यांचंच नाव छापलेलं आणि पैसे आपण द्यायचे, हे मला कधीच पटलं नाही. डिसेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय आयोगानं सांगितलं आहे की आधी कल्पना न देता थेट बिलाच्या वेळी बॅगचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे. म्हणून म्हटलं कापडी पिशवी न्या, वाद घालायची वेळच येत नाही.

पैसे यूपीआयनं दिले आणि खात्यातून कटले पण काउंटरला आले नाही, हे होते, आणि मागं लाईन असली की माणूस घाबरून दुसऱ्यांदा देऊन टाकते. थांबा. यूटीआर नंबरचा, म्हणजे अ‍ॅपमध्ये दिसते त्या व्यवहाराच्या नंबरचा, स्क्रीनशॉट घ्या, दोन मिनिटं वाट पाहा, त्यांच्याकडून लिहून घ्या की पैसे आले नाही. मग कॅश द्या पाहिजे तर. अडकलेले पैसे परत यायला रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानं पाच दिवसांची मुदत आहे, त्याच्यावर गेलं तर बँकेनं रोजचे 100 रुपये द्यायचे असतात.

काउंटर सोडायच्या आधी बिल वाचा. एकच पीस दोनदा स्कॅन होणं ही गर्दीत रोजची गोष्ट, माझ्या हातून पण झाली आहे. कपड्याला लावलेली कडक गुंडी, म्हणजे चोरी पकडायचं टॅग, काढली का पाहा, नाहीतर दारात बझर वाजते आणि सगळे वळून पाहतात. आणि बिलाचा फोटो काढा, लगेच, तो कागद थर्मल असते, उन्हात गाडीच्या डिक्कीत राहिला की महिन्याभरात कोरा होते.

पायरी 7: बदलायचं किंवा परत करायचं असेल तर

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका. माल चांगला आहे पण आवडला नाही, साईज चुकली, तर बदलून देणं न देणं दुकानाच्या पॉलिसीवर, बिलाच्या मागं लिहिलेली असते, टॅग आणि बिल लागते, बहुतेक वेळा पैसे न देता क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्याच रकमेची पुढच्या खरेदीला चालणारी चिठ्ठी, देतात, तिच्यावरची तारीख पाहून घ्या. पण माल खराब निघाला तर गोष्ट पूर्ण बदलते. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे, त्यात लिहिलं आहे की खराब माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदतच नसेल तर तीस दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे.

हे मला नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. भिवापूरकडचे एक काका आले होते, मुलाच्या इंटरव्ह्यूसाठी सेलमध्ये ब्लेझर नेला होता आणि पहिल्यांदा घातला तेव्हाच खांद्यात शिलाई उसवली. मी पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं, काका, सेलचा माल परत होत नाही. त्यांनी बिलाची घडी घातली, खिशात ठेवली, "बरं बाई" म्हणाले आणि निघून गेले. बसच्या तिकिटाला पैसे घालून आले होते ते. नंतर कायदा वाचला तेव्हा मला तेच काका आठवले, आजही आठवतात, हा लेख खरं म्हणजे त्यांच्यासाठीच आहे.

तर बोलायचं कसं. आवाज चढवायचा नाही, आधी फ्लोअरवाल्याला, मग थेट स्टोअर मॅनेजरला, कारण परत घ्यायचा अधिकार त्यालाच असते, बाकी आम्ही फक्त सॉरी म्हणू शकतो. "माल खराब निघाला, मला बदलून किंवा पैसे परत पाहिजे, नाही म्हणत असाल तर नाही म्हणून लिहून द्या." लिहून द्या म्हटलं की अर्धी प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर बिलावर ब्रँडच्या कस्टमर केअरचा मेल असते, फोटो आणि बिल जोडून त्याच दिवशी मेल टाका, म्हणजे तारीख राहते. मग 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, फोन फुकट आहे. तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असं नाही, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. सातशे रुपयांच्या टी-शर्टसाठी कोणी तिथवर जाईल असं नाही, पण रस्ता माहीत असला की मॅनेजरसमोर उभं राहताना पाय लटपटत नाही.

पायरी 8: फूडकोर्ट

थोडक्यात सांगते. काही ठिकाणी आधी कार्डमध्ये पैसे भरावे लागतात, उरलेले परत मिळतात का ते भरायच्या आधी विचारा आणि जाताना आठवणीनं घ्या. साधं पाणी मागा, असते. हॉटेलात बसून खाल्लं आणि बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही, जुलै 2022 मध्ये तसे नियम आले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते कायम ठेवले. टीप द्यायची असेल तर ज्यानं वाढलं त्याच्या हातात द्या.

घरी आल्यावर

टॅग लगेच कापू नका. घरच्या उजेडात एकदा सगळं घालून पाहा, बूट असतील तर आधी फरशीवरच चाला, रस्त्यावर नाही, तळवा मळला की कोणी बदलून देत नाही. बिल आणि टॅग एका पाकिटात, मुदतीची तारीख मोबाईलमध्ये अलार्म लावून. काटोलवाल्या पोरानं एवढं सगळं ऐकून घेतलं आणि परवा फोन आला, मावशी, एक हूडी घेतली, नंबर दिला नाही, मराठीत बोललो, आणि तो दादा आपल्या काटोलकडच्या सावरगावचाच निघाला.